दहा ते दोनचा उजेड

"विरलीय म्हणे. कुठे विरलीय ते बोट ठेवून दाखव," अक्का म्हणाली.

"आई, मी विरलीय असं म्हटलंच नाही. मी थ्रेडबेअर म्हटलं."

"तेच ते. एकतीस वर्षं तो शब्द मी लिहितेय. मला नको शिकवूस."

"तुम्हाला कोण शिकवतंय? मी वर्गाला शिकवत होते."

"माझी चादर दोरीवर टांगून."

एवढं मात्र सुनेलाही मान्य होतं. चादर अजून पुढच्या खोलीत दोरीवरच होती, दोन चिमटे लावलेली, आणि शेजारच्या फळ्यावर तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता.

सून रोज चार ते सहा पुढच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग घ्यायची. विद्यार्थी नऊ, सगळे मोठे. औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या दोघी, एक टॅक्सीवाला, एक रिटायर्ड पोस्टमास्तर, असे. तिची पद्धत अशी की शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, वस्तूच समोर धरायची. 'गंजलेलं' शिकवताना तिने खिडकीची कडी दाखवली होती, 'टवका उडालेला' म्हणून सासऱ्यांचा कप. जुन्या झालेल्या वस्तूंची विशेषणं हा त्या आठवड्याचा पाठ होता, आणि त्यासाठी घराबाहेर जावं लागत नव्हतं. थ्रेडबेअरला मात्र तिला पटकन काही सापडेना. मग ती आतल्या खोलीत गेली आणि सासूच्या पलंगावरची चादर ओढून घेऊन आली. मधोमध उभी शिवण घातलेली चादर म्हणजे तिच्या मते त्या शब्दाचा फोटोच होता.

"पोस्टमास्तर म्हणाले, चादर तशी बरी दिसतेय," सोफ्यावरून सासरे म्हणाले.

सासरे, म्हणजे अक्काचा नवरा, दिवसभर खिडकीखालच्या सोफ्यावर असायचे. वर्ग चालू असला की ते टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायचे. त्यामुळे त्यांना नऊ विद्यार्थ्यांपेक्षा जास्त इंग्रजी येत होतं, आणि जगात काय चाललंय ते मात्र कळत नव्हतं.

"तुम्ही तेल ओतू नका," अक्का म्हणाली. तिने चिमटे काढले, चादर खिडकीशी नेली, वर धरली आणि लगेच खाली घेतली. "आत्ता नाही. ऊन गेलंय. रविवारी दहाला दाखवते तुला."

"बल्ब लावते की," सून म्हणाली.

"बल्बच्या उजेडात कापड बघू नये. माणूसही बघू नये."

"मला तू बल्बच्याच उजेडात पाहिलं होतंस," नवरा म्हणाला.

"म्हणून तर सांगतेय."

अक्का एका मोठ्या हॉस्पिटलच्या कापडखोलीत कामाला होती. तिचं नाव मस्टरवर होतं, कोणाच्या तोंडात नव्हतं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती अक्का, आणि घरात नवराही चारचौघांत अक्काच म्हणायचा. धुलाईहून परत आलेली प्रत्येक चादर वॉर्डात जाण्याआधी तिच्या हाताखालून जायची. कुठली परत अंथरायची, कुठली दुरुस्त करायची आणि कुठली फाडून फडकी करायची, हे ती ठरवायची. एवढंच काम. पण एवढ्या कामासाठी कापडखोलीतली एकुलती एक मोठी खिडकी तिच्या मालकीची असल्यासारखी होती. तिथे दुसरं कोणी उभं राहिलं तर आपण होऊन बाजूला व्हायचं.

ती कामाला लागली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता आणि मुलगा रांगत होता. पहिला आठवडा नुसत्या घड्या घातल्या. दुसऱ्या आठवड्यात कापडखोलीच्या मोठ्या बाई रजेवर गेल्या आणि निवड करायचं काम हिच्यावर आलं. हिने आपली घरातल्यासारखी निवड केली: पांढरी ती चांगली, डागाळलेली ती वाईट. तिच्या निवडीतली एक पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची चादर चौथ्या मजल्यावर गेली. तिथे दोन वॉर्डबॉय एका बेकरीवाल्याला चादरीसकट ट्रॉलीवरून पलंगावर घेत होते. रुग्णाला असंच उचलतात. चादरीची टोकं धरायची आणि एक, दोन, तीन. तीन म्हणायच्या आत चादर मधोमध गेली. बेकरीवाल्याला काही झालं नाही, तो सगळीकडून भरलेला होता. पण पुढची दहा मिनिटं तो चादर तपासणारीच्या सात पिढ्यांबद्दल जे बोलला ते तीन वॉर्डांनी ऐकलं.

मोठ्या बाई परत आल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तिला खिडकीशी नेलं, त्या फाटक्या चादरीचा तुकडा काचेसमोर धरला आणि तिचा हात मनगट धरून कापडाच्या मागे ठेवला.

"काय दिसतं?"

"हात."

"नीट बघ."

"हातावरच्या रेषा."

"ही थ्रेडबेअर," मोठ्या बाई म्हणाल्या. "पांढरी का पिवळी ते सोड. लोकं अंथरुणाकडे बघतात, आपण आरपार बघायचं."

पुढे मोठ्या बाई गेल्या आणि त्यांची रीत अक्काकडे राहिली. हाताची नुसती सावली दिसली तर चादर चांगली. बोटं मोजता आली तर दुरुस्तीला. रेषा दिसल्या तर थ्रेडबेअर. उजेड दहा ते दोनचाच. दहाच्या आधी तो तिरपा येतो आणि फसवतो, दोननंतर पिवळा होतो आणि दया करतो.

हॉस्पिटलात जुन्या वस्तूला एकच शब्द होता, कंडम. पंखा कंडम, ट्रॉली कंडम, लिफ्ट कंडम, कँटीनचा चहा कंडम, आणि मागे एक मुकादम होता तोही. थ्रेडबेअर हा शब्द फक्त कापडाला होता आणि फक्त अक्काच्या तोंडात होता. अक्काची सहीसुद्धा मराठीत असायची, पण ती दहा इंग्रजी अक्षरं ती छापल्यासारखी काढायची. फाटलेल्या चादरीला ती तो शब्द कधी लावायची नाही. फाटणं हा अपघात असतो, खिळ्याला अडकली आणि फाटली. टाके घातले की झालं. विटलेली वेगळी, मळलेली वेगळी, चुरगळलेली तर काहीच नाही. थ्रेडबेअर म्हणजे वरून अख्खी आणि आतून संपलेली. तिला ठिगळसुद्धा लावता येत नाही, कारण टाका धरायला शेजारी काही उरलेलं नसतं.

आणि दुरुस्तीची जी चादर, तिची एक खास रीत होती. माणूस झोपतो मध्ये, म्हणून चादर विरते मध्ये. कडा गादीखाली खोचलेल्या असतात, त्या कोऱ्याच राहतात. अशी चादर मधोमध उभी कापायची, बाहेरच्या दोन कडा आत आणून एकमेकींना जोडायच्या, आणि विरत आलेला भाग कडेला जाऊ द्यायचा, खोचायला. त्याला अक्का 'कडा मध्ये' म्हणायची. घरातल्या सगळ्या चादरी तिने एकेक करून कडा मध्ये केल्या होत्या. नवरा कुरकुर करायचा की शिवण पाठीला टोचते. ती म्हणायची, कडेला झोपा.

तर मधोमध शिवण असलेली चादर ही घरातली सगळ्यात दणकट चादर होती, आणि सुनेने नेमकी तीच टांगली होती.

पण त्या दिवशी एवढं बोलण्याचं खरं कारण अक्काच्या पिशवीत होतं. मुलगा घरी आल्यावर तिने ते बाहेर काढलं आणि सुनेपुढे ठेवलं. इंग्रजीत टाइप केलेला एक कागद.

"वाच. तो एक शब्द मला कळला, बाकीचं सांग."

सुनेने वाचलं. "खाली दिलेल्या सहाशे बारा चादरी तपासल्या असून त्या सर्व थ्रेडबेअर आहेत. सबब त्या टाकून द्याव्यात. तपासनीस. इथे तुमची सही."

"तपासल्यास का सहाशे बारा?" मुलाने विचारलं. तो टायरच्या दुकानात होता आणि घरी आल्यावर पहिला अर्धा तास त्याला काळ्या हातांनी कशालाच हात लावायची परवानगी नसायची, त्यामुळे तो उभा राहून बोलायचा.

"एकही नाही. नव्या साहेबांनी नियम आणलाय. चादरीला तीन वर्षं झाली की थ्रेडबेअर. मी म्हटलं, मला लागून एकतीस झाली."

"मग?"

"ते म्हणाले, तो वेगळा कागद आहे."

तो वेगळा कागद कुठला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अक्काची नोकरी महिनाअखेरीला संपत होती. साहेबांनी वर लिहिलं तर एक वर्षाची मुदतवाढ मिळणार होती. आणि साहेब तोंडी म्हणाले होते की अक्का, तुम्ही हा कागद सही करून आणा, मी त्याच हाताने तुमचा वर पाठवतो.

"सही करून टाक," मुलगा म्हणाला. "आमच्याकडे टायरचंही असंच असतं. इतके किलोमीटर झाले की बदलायचा."

"टायर किलोमीटरने झिजतो. चादर कपाटात पडून राहिली तर कशाने झिजते?"

"एका शब्दाचा काय बाऊ करतेस," नवरा म्हणाला. "त्यातून इंग्रजी शब्द. आपला असता तर गोष्ट वेगळी. उगीच हात दाखवून अवलक्षण."

"माझं कामच हात दाखवायचं आहे."

नवऱ्याच्या बोलण्यात कळकळ होती आणि तिला कारण होतं. घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून होती. ती उघडली काय, मिटली काय. दाराआड अक्काचं शिवणाचं मशीन उभं होतं, वर घड्या घातलेल्या कपड्यांचा डोंगर. अक्का घरी बसली की ते मशीन बाहेर येणार, मशीनला उजेड लागणार, आणि घरात उजेडाची खिडकी एकच. तिच्याखाली सोफा होता आणि सोफ्यावर नवरा. सोफ्याची मधली गादी त्याच्या आकाराची झाली होती. सुनेलाही ती खिडकी हवी होती, कारण फळा अंधाऱ्या भिंतीला होता आणि मागच्या चौघांना काही दिसत नव्हतं. पण ती सून होती, म्हणून सहा वर्षं काही बोलली नव्हती. अक्काला आणखी एक वर्ष मिळणं हे सगळ्या घराच्या सोयीचं होतं. अक्कालाही ते हवंच होतं. घरात बसून ती करणार काय होती?

सून उठली आणि जाडजूड डिक्शनरी घेऊन आली. बोट फिरवत तिने अर्थ वाचला. "कापड. वापरून वापरून ज्याची लव उडाली आहे आणि ज्याचे उभे-आडवे धागे दिसू लागले आहेत असं."

"बरोबर सांगितलंय," अक्का म्हणाली. "कोण आहे हा?"

"पुस्तक आहे, आई."

"कापडातला माणूस असणार. पुढे?"

"गालिच्याला चालतो, कोटाला चालतो. बुटाला नाही चालत, घराला नाही. आणि सबबीला चालतो."

"सबबीला?"

"म्हणजे तीच तीच सबब इतक्या वेळा दिली की तिच्यातून पलीकडचं दिसायला लागतं, तशी. विनोदालाही चालतो. तोच तोच सांगितला की."

तिघांनी सोफ्याकडे पाहिलं. नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

"माणसाला?" अक्काने विचारलं.

सुनेने पुन्हा बोट फिरवलं. "अंगावरच्या कपड्यांवरून म्हणतात कधीकधी. सहसा नाही."

"सहसा नाही," अक्का म्हणाली, आणि कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तिने कापडखोलीतलं कपाट उघडलं. सही करायची तर तपासून करायची, असं तिने ठरवलं होतं. कदाचित सगळ्या निघतीलही तशा. इस्त्रीवाला चादरी काढून द्यायला होता. हा पन्नास किलोचा माणूस बावीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभा होता आणि कुठलंही बसायचं काम असेल तर त्याची ना नसायची. तो स्टुलावर बसून एकेक चादर उलगडून द्यायचा, अक्का काचेसमोर धरायची, मागे हात घालायची. सावली. सावली. बोटं. सावली. तो तीन ढीग लावायचा.

दोन वाजले की ती थांबायची. इस्त्रीवाला म्हणाला, "अक्का, अडीचपर्यंत ओढू की. लवकर संपेल."

"अडीचला सगळ्याच चांगल्या दिसतात."

असे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत घरी मुदतवाढीचा विषय कोणी काढला नाही, फक्त नवऱ्याने दोन वेळा आपण होऊन चहाचा कप धुतला. सुनेने गुरुवारी थ्रेडबेअरचा पाठ पुन्हा घेतला. त्या दिवशी दोरीवर सासऱ्यांची बंडी होती. पोस्टमास्तर म्हणाले, आता समजलं.

शुक्रवारी पावणेदोनला शेवटची चादर झाली. चारशे एक चांगल्या. एकशे चाळीस कडा मध्ये. थ्रेडबेअर एकाहत्तर.

उजेड अजून पंधरा मिनिटं होता. कोपऱ्यात नव्या चादरींचे गठ्ठे येऊन पडले होते, प्लास्टिकमध्ये बांधलेले. अक्काने एक फोडला. वरची चादर काढली. दिसायला देखणी होती, निळी किनार, घडीच्या रेघा धारदार, हातात घेतली तर घसरत होती. सवयीने तिने ती काचेसमोर धरली आणि मागे हात नेला.

बोटं दिसली. रेषा दिसल्या. काल सुई टोचली होती तो ठिपकासुद्धा दिसला.

"नव्याचे नऊ दिवस," इस्त्रीवाला म्हणाला.

"हिला एकही नाही," अक्का म्हणाली. तिने दुसरा गठ्ठा फोडला, मग तिसरा. तिन्हींतून तिला आपला हात वाचता येत होता.

शनिवारी सकाळी ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. याआधी तो सिमेंटच्या गोदामावर होता, आणि माल जुना झाला की दगड होतो एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने कागद हातात घेतला. सहाशे बाराच्या शेजारी अक्काने एकाहत्तर लिहून सही केली होती.

"अक्का, आकडा बदलता येत नाही. टाइप केलेला आहे."

"मी बदललेला नाही. शेजारी लिहिलाय."

"अहो, शितावरून भाताची परीक्षा करायची असते. सहाशे बारा कोण बघत बसतं?"

"मी बघितल्या. आणि नव्या बघितल्या. त्या सगळ्या थ्रेडबेअर आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. "नवी वस्तू थ्रेडबेअर कशी असेल? त्याला आधी वापर लागतो ना."

अक्काने विचार केला. पुस्तकातही वापरून वापरून असंच होतं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "मग तुम्ही दुसरा शब्द सांगा. मला एवढाच येतो. पण माणूस तिच्यातून खाली येणार."

"तुम्हाला कसं कळलं?"

"उचलून बघू."

साहेबांना हे हसण्यावारी न्यायचं होतं, पण अक्का दारात जाऊन दोन वॉर्डबॉयना हाक मारून आलीही होती. कापडखोलीत जमिनीवर नवी चादर अंथरली. कोणी झोपायचं, असा प्रश्न आला. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आपल्या पँटच्या इस्त्रीकडे पाहिलं आणि म्हणाले की त्यांना एक फोन करायचा आहे. तेवढ्यात इस्त्रीवाला येऊन चादरीवर आडवा झाला होता.

"तेवढीच पाठ टेकते," तो म्हणाला.

वॉर्डबॉयनी टोकं धरली. एक. दोन. तो जमिनीपासून वीतभर वर होता तेव्हा लांबलचक आवाज झाला आणि तो परत जमिनीवर होता. चादर डोक्यापासून पायापर्यंत सरळ उभी गेली होती, पट्टी लावून फाडावी तशी.

इस्त्रीवाला उठलाही नाही. "दुसरी आणा," तो म्हणाला. "मी आहे इथेच."

दुसरीही गेली. मग अक्काने जुन्या चांगल्या ढिगातली एक काढली, नऊ वर्षांची. तिच्यात त्याला उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. तो डोळे मिटून होता.

साहेब आपल्या खोलीत परत आले, अक्काही मागोमाग आली. त्यांनी एका चिठ्ठीवर 'तपासणी होईपर्यंत उघडू नये' असं लिहिलं आणि गठ्ठ्यांवर लावायला शिपायाकडे दिली. तेवढं त्यांनी केलं. मग सहाशे बाराचा कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

"आणि माझा कागद?" अक्काने विचारलं.

"तोही यातच आहे. हे सगळं मिटलं की बघू."

"महिना संपायला बारा दिवस आहेत."

"बारा दिवसांत मिटेल असं दिसत नाही." साहेबांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "हे बघा, नव्या चादरींचं मी बघतो. ते तुमच्यावर नाही. तुम्ही फक्त जुन्यांवर सही करा, एकाहत्तर न लिहिता, मी दुसरी प्रत काढून देतो. तुमचा कागद आज वर जाईल. नाहीतर माझ्या हातात काही नाही, अक्का. वरून विचारतात."

हा शब्द सबबीलाही चालतो, हे सुनेने सांगितलं होतं. अक्काने ती सबब मनातल्या मनात काचेसमोर धरली. हातावरच्या सगळ्या रेषा दिसल्या.

तरी तिने ड्रॉवरकडे पाहिलं. तिला आपली खिडकी आठवली. तिच्या कठड्यावर एकतीस वर्षं टेकून टेकून कोपराएवढा खळगा पडला होता. अकरा वाजता इस्त्रीवाला चहा आणायचा तो आठवला. मग घर आठवलं, आतल्या खोलीची ती खिडकी आणि तिच्यासमोरची भिंत. साहेबांना वाटलं की ती तयार होतेय. त्यांनी ड्रॉवर पुन्हा उघडला.

"चारशे एक चांगल्या आहेत, साहेब," अक्का म्हणाली. "एकशे चाळीस मी बारा दिवसांत कडा मध्ये करून देते." आणि ती कामाला निघून गेली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वर्ग नुकताच सुटला होता. फळ्यावर दुसरा कुठला तरी शब्द होता आणि समोर चटईवर स्वयंपाकघरातला पाय हलणारा पाट. नवरा सोफ्यावर होता. मुलगा काळे हात पुढे धरून दारात उभा होता. अक्काने हातपाय धुतले, चटईवर बसली आणि सुनेने दिलेला चहा संपवला. कोणी घाई केली नाही, पण टीव्हीचा आवाज वर्ग सुटूनही बंदच होता.

शेवटी मुलगाच म्हणाला, "मुदतवाढीचं झालं का, आई?"

"झालं."

"मिळाली?"

"नाही."

"सही नाही केलीस," नवरा म्हणाला.

"केली. एकाहत्तरवर."

सून रिकामा कप उचलायला वाकली होती, ती तशीच म्हणाली, "आई, पोस्टमास्तर विचारत होते. मधोमध शिवण घातलेली ती चादर कोणी केली म्हणून. त्यांच्या घरी सहा आहेत, मध्येच विरत आलेल्या."

"आणायला सांग," अक्का म्हणाली. "आणि आता सगळे ऐका, मी परत सांगणार नाही. एक तारखेपासून मी घरी. मशीन बाहेर येणार, खिडकीपाशी. दहा ते दोन खिडकी माझी, चार ते सहा हिची. फळा खिडकीशेजारच्या भिंतीला लागेल, म्हणजे मागच्या चौघांना दिसेल. दाराआडचे कपडे ज्याचे त्याने उचलायचे. सोफा आत जाईल, टीव्हीही."

"आत उजेड नाही," नवरा म्हणाला.

"टीव्हीला लागत नाही."

"मग मी..."

"सोफ्याची मधली गादी कडेला घालून देईन आणि कडेची मध्ये. ती नवीच आहे, तिच्यावर कोणी बसत नाही." ती उठली आणि पिशवी खुंटीला अडकवली. "उद्या रविवार. दहाला मला हिला चादर दाखवायची आहे. त्याच्या आत सोफा हलला पाहिजे."